पितळी पातेलं काढताय? आधी कल्हईचं बघा

आजीचं पितळी पातेलं माळ्यावरून काढलंत, छान. पण बाळाची पेज लगेच त्यात शिजवू नका. कल्हई शुद्ध कथलाची हवी. कथील महाग, शिसं स्वस्त पण मुलांना विषारी; स्वस्त म्हणून त्याची भेसळ होते, आणि चकाकी बघून काही कळत नाही. इंदूरच्या बर्तन बाजारातून आणलेल्या पातेल्याला मी दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून स्वस्तात कल्हई करून घेतली आणि वर्षभर त्यातच चिंचेची आमटी उकळली! आंबटानं शिसं जास्त सुटतं, हे तेव्हा कुठे ठाऊक. आता नातवासाठी स्टीलच.

सुटी, भडक पिवळी हळद टाळा. काहीजण रंगासाठी तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाची पिवळी पूड, घालतात. बाळाच्या डोळ्यांत सुरमा तर नकोच, त्यातही शिसं असू शकतं, सासूबाई रुसल्या तरी. जुन्या दाराच्या रंगाचे पोपडे पडत असतील तर ओल्या फडक्यानं पुसा, झाडू धूळ उडवतो. घरगुती रंगांत शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून आहे. वाड्यातले थर त्याआधीचे.

मूल धडधाकट दिसतं, म्हणून निर्धास्त राहू नका. शिरेतल्या रक्ताची शिशासाठी तपासणी करून घ्या. डेसीलीटरला 5 मायक्रोग्राम किंवा जास्त आलं तर शिसं घरात कुठून येतंय ते आधी शोधायचं. डॉक्टरांकडे ही तपासणी नाव घेऊन मागा, नेहमीच्या रक्ततपासणीत ती नसते.