पेशंटचा माणूस कोण?

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं. वर्कशॉपमध्ये हॉलला लाइव्ह दाखवायला होलेपची, म्हणजे वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी लेझरने आतून सुटी करून काढायची, केस द्यायला तुला सांगितलंय. ग्रंथी 100 ग्रॅमच्या वर हवी, पडद्यावर छान दिसायला हवी. तुझ्या वॉर्डात तीन महिने कॅथेटर घेऊन फिरणारे एक आजोबा आहेत. ऑपरेशन मोफत होईल म्हटल्यावर ते म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं." आणि तू विचारतेस, सर, ही संमती धरायची का?

नाही धरायची. सही केली तरी नाही. समीरा कोहली खटल्यात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनला चालत नाही. मग तुझ्या हातून ऑपरेशन करून घ्यायला दिलेला होकार परक्या सर्जनला आणि भरलेल्या हॉलला कसा चालेल? पण कागदाचं नंतर पाहू. तुझ्या पत्रात पाहुण्या सर्जनचं नाव आहे, लेझर कुठलं ते आहे, मॉडरेटर कोण तेही आहे. त्या दिवशी थिएटरमध्ये पेशंटचा माणूस, म्हणजे फक्त पेशंटचं हित बघणारा डॉक्टर, कोण, हे मात्र कुठेच नाही.

मी हे तुला का विचारतोय ते ऐक. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका वर्कशॉपमध्ये मी असिस्टंट होतो. पाहुणे नावाजलेले, हात खरोखर सुंदर. होल्मियम लेझरने ग्रंथीचे तिन्ही लोब, म्हणजे भाग, कवचापासून इतके स्वच्छ सुटे केले की हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या. मग मॉर्सलेटर, म्हणजे मूत्राशयात ढकललेली सुटी गाठ बारीक कापून बाहेर ओढणारं यंत्र, हातात आला. तो त्यांच्या सवयीचा नव्हता. कवचातून अजून रक्त झिरपत होतं, सलाइन गुलाबी होतं, मूत्राशय नीट फुगलेलं नव्हतं. मॉर्सलेटर आधी ओढतो, मग कापतो. समोर गाठ आहे की मूत्राशयाची भिंत, ते त्याला कळत नाही. हे मला पाठ होतं. हॉलमधून कुणीतरी लेझरच्या सेटिंगबद्दल विचारत होतं, मॉडरेटर "पाच मिनिटं राहिलीत" म्हणत होते. पाहुणे उत्तर देत होते आणि पेडलवर पाय होता.

भिंत आत ओढली गेली. पोट उघडून शिवावं लागलं. तोवर हॉलमध्ये दुसऱ्या थिएटरचं चित्र सुरू झालं होतं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. "सर, दिसत नाहीये, थांबूया," एवढंच. आणि थांबण्यात काही जगावेगळं नव्हतं. गाठ मूत्राशयात तशीच ठेवायची, कॅथेटर घालून धुणं चालू ठेवायचं, रक्त थांबल्यावर एक-दोन दिवसांनी परत नेऊन मॉर्सलेशन करायचं. पुस्तकात आहे, आपण एरवी करतोही. माझं वय तेव्हा तुझ्याएवढं होतं, पाहुण्यांना टोकायची पद्धत नव्हती, माझं कोणी ऐकलं असतं असंही मला वाटत नाही. हे सगळं खरं आहे आणि मी ते स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो. नातेवाइकांना "ही माहीत असलेली गुंतागुंत आहे" असं मीच सांगितलं. तेही खरंच होतं. पाच मिनिटांचं मात्र मी सांगितलं नाही.

थिएटरमध्ये त्या दिवशी आम्ही कितीतरी जण होतो. पाहुण्यांचे होते, कंपनीचे होते, कॅमेऱ्याचे होते. पेशंटचा एकही नव्हता.

लाइव्ह केसमध्ये गुंतागुंत जास्त होते असं सगळे अभ्यास म्हणत नाहीत, हे तू मला लिहशील. माहीत आहे. मीसुद्धा लाइव्ह बघतच शिकलो. कवच कसं ओळखायचं ते मला डोळ्यांनी कळलं, वाचून नाही. म्हणून बंद करा असं मी म्हणत नाही. पेशंटचा माणूस द्या म्हणतो. युरोपियन असोसिएशन ऑफ युरॉलॉजीने 2014 च्या आपल्या धोरणात तो सक्तीचा केला. मी त्याच्याही आधीपासून मागत होतो, आणि त्यापायी माझी आमंत्रणं कमी झाली. हट्टी म्हणतात मला. म्हणू देत.

हा माणूस अनुभवी युरॉलॉजिस्ट हवा आणि त्याला त्या दिवशी दुसरं काहीही काम नको. ना मॉडरेशन, ना असिस्ट करणं, ना पाहुण्यांची सरबराई. तो "कॅमेरा बंद" म्हणाला की बंद, "आवाज बंद" म्हणाला की हॉलचा आवाज थिएटरमधून बंद. कारण विचारायचं नाही. हे पाहुण्यांना आदल्या दिवशी सांगायचं, भूलतज्ज्ञांच्या समोर. मॉर्सलेटर त्यांच्या सवयीचा नसेल तर गाठ सुटी झाल्यावर प्रक्षेपण थांबवायचं आणि पुढचं काम इथल्या सर्जनने करायचं. "बघू, गरज पडली तर" असं उत्तर आयोजकांनी दिलं तर केस देऊ नकोस. इतकं साधं आहे हे, पोरी, आणि तरी तू चार पानं भरून "सरांना वाईट वाटेल का" हेच विचारलंयस! वाटू दे त्यांना वाईट. मूत्राशय त्यांचं नाही.

आता आजोबा. राउंडच्या घोळक्यात विचारू नकोस. संध्याकाळी एकटी जा, मुलाला बोलाव, स्टूल ओढून बस. ऑपरेशन कोण करणार, तो माणूस परवा विमानाने परत जाणार, नंतर काळजी घ्यायला तूच असणार, किती लोक बघणार, सगळं सांग. आणि हे पहिल्या वाक्यात सांग की नाही म्हणालात तरी ऑपरेशन होईल, याच पैशात, म्हणजे फुकटच. ते तुझ्या वरिष्ठांकडून आधी कबूल करून घे, नाहीतर ते वाक्य बोलूच नकोस.

नाही म्हणाले तर त्यांना पुढच्या मंगळवारच्या लिस्टला घे. मी सकाळी आठला पोचतो, असिस्ट करायला. हो म्हणाले तर वर्कशॉपच्या दिवशीही येतो. आयोजकांना आजच कळव की पेशंटचा माणूस म्हणून माझं नाव लिहा, आणि मला हॉलमध्ये खुर्ची नको.

तुझा,
सर