बोर्ड हरवले, पण रफ कुठे आहेत?

तुझी पोस्ट दोनदा वाचली. कोल्हापूरच्या ऊस ट्रॉल्यांवरच्या रंगवलेल्या अक्षरांचा प्रोजेक्ट, सहा बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर लावलेली फायनल कामं, प्रदर्शनाला दिले, चार परत आले, उरलेल्या दोनांचं विचारलं की "पुढच्या आठवड्यात या", आणि ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणं, पंधरा दिवसांवर. शिवाय मुंबईच्या सहलीचा अहवाल लिहायचाय आणि एका दिवसात पाच ठिकाणं पाहिल्यामुळे काहीच आठवत नाही. माझे सात बोर्ड गेले होते, चार आले. म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे. वयाने बरीच मोठी आहे, तेव्हा अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधीच सांगते, मी शिक्षिका नाही आणि वकील तर नाहीच. मुंबईत उपयोजित कला शिकले, 2012 मध्ये बाहेर पडले, आता पुण्यात पॅकेजिंगची कामं करते. माझ्या वेळचे नियम आता बदललेही असतील. माउंट कसा कापायचा, बोर्डांचा क्रम कसा लावायचा हे तुला येतंच असणार, त्यात शिरत नाही.

तिसऱ्या वर्षी माझा लेटरिंगचा प्रोजेक्ट होता गिरगावातल्या चाळींच्या नावाच्या पाट्यांवर. चार महिने दर शनिवारी जायचे. पाटीखाली उभं राहून रफ, म्हणजे कच्चं रेखाटन, काढायचं, घरी येऊन ट्रेसिंगवर उतरवायचं, मग हाफ इम्पिरियल मापाच्या कागदावर पोस्टर कलरमध्ये फायनल. ठाकुरद्वारच्या बाजूला एक पेंटर काका होते, दुकानांच्या पाट्या करायचे. पहिले तीन शनिवार त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या शनिवारी माझ्या वहीतला 'क' बघितला आणि म्हणाले, "दांडा आधी काढतेस ना, म्हणून मरतोय तो." मग ब्राऊन पेपरचा एक तुकडा घेऊन चपट्या ब्रशने चार पायऱ्यांत दाखवलं. आधी डावीकडची वाटी एका दमात, मग उजवा कान वरून खाली वळवत, आणि दांडा त्यानंतर, म्हणजे दोन्हीकडचे सांधे त्याच्याखाली झाकले जातात. शिरोरेषा चौथी, खडूची दोरी मारून. रंग एनॅमलचा, डब्यात अगदी थोडा, ब्रश डब्याच्या कडेला दोनदा निथळून. तो तुकडा मी घरी आणून वाळवला. त्याच्यावरून माझा अख्खा प्रोजेक्ट बदलला, आधीचे दोन बोर्ड मी पुन्हा केले.

मग सात बोर्ड एका प्रदर्शनासाठी एका कार्यालयात नेऊन दिले. कुठलं ते लिहीत नाही आणि कृपा करून अंदाजही बांधू नका. शिपाईकाकांनी घेतले, एका वहीत "7 नग" लिहिलं, माझी सही घेतली. मला काय दिलं? काहीच नाही. मी मागितलंही नाही. फोटो काढलेले नव्हते, कारण फायनल हातात असताना फोटो कशाला, असं वाटायचं. मागे नावाची चिठ्ठी होती, सेलोटेपने लावलेली.

प्रदर्शन छान झालं. आईबाबा येऊन बघून गेले. काम परत नेण्यासाठी सात दिवसांची मुदत होती आणि ती फक्त त्यांच्या नोटीस बोर्डावर होती. आमची परीक्षा चालू होती, मी नवव्या दिवशी पोचले. तिथून सुरू झालं. या टेबलावर "ते स्टोअरला गेलं", स्टोअरला "किल्ली साहेबांकडे", साहेब रजेवर. पुढच्या खेपेला साहेब होते, पण किल्लीवाले नव्हते. चौथ्या खेपेला खोली उघडली तेव्हा जून संपत आला होता आणि पाऊस धरला होता. सगळी शीट्स भिंतीला टेकवून उभी केलेली, खालची कड फरशीवर. भिंतीला ओल. माझे चार बोर्ड दुसऱ्या कुणाच्या तरी कामाखाली सापडले, त्यातल्या दोनांवर काळ्या बुरशीचे ठिपके. सेलोटेप सुटून चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या, अक्षरावरूनच ओळखले. तीन नव्हतेच.

मी रडकुंडीला येऊन सांगत होते की अजून तीन आहेत. तेव्हा तिथले क्लार्क शांतपणे म्हणाले, "तुमचे होते, कशावरून?"

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावती नाही, फोटो नाही, त्यांच्या वहीत नुसते "7 नग". कसले, किती मापाचे, काही नाही. बारा-तेरा वर्षं झाली, अजून ते वाक्य आठवलं की पोटात खड्डा पडतो. सगळीच कार्यालयं अशी असतात असं मी म्हणत नाही. पुढे एका ठिकाणी माझं काम कोरुगेटेड शीटमध्ये गुंडाळून घरपोच आलं होतं, तेही सांगायला हवं. पण विद्यार्थ्यांचं काम म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे रद्दी, ही वृत्ती मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की त्याबद्दल शांतपणे लिहिता येत नाही. चार महिन्यांचं काम असतं ते.

तरीही खरं नुकसान त्या खोलीत झालं नाही. ते माझ्या हातून झालं, मे महिन्यात, माझी राहती खोली सोडताना. सबमिशन झालंय, फायनल प्रदर्शनात आहेत, मग हा ढीग कशाला, म्हणून सगळी रफ, ट्रेसिंग, पाट्यांखाली उभं राहून केलेल्या वह्या रद्दीवाल्याला किलोवर दिल्या. ब्राऊन पेपरचा तो तुकडा त्याच गठ्ठ्यात होता. बोर्ड गेल्याचं कळल्यावर म्हटलं पुन्हा करू. काकांचं दुकान बंद होतं, गावी गेले एवढंच शेजारी म्हणाले. हरवलेल्या तीनांपैकी एका पाटीची चाळ त्या दिवाळीपर्यंत पुनर्विकासासाठी पाडली गेली. म्हणजे पाटी नाही, तिचं रफ नाही, फायनल नाही.

पुढे नोकरीसाठी एका स्टुडिओत गेले. समोरच्या बाईंनी चारही बोर्ड मिळून अर्धा मिनिट पाहिले असतील. मग म्हणाल्या, "याच्या आधीचं दाखव." माझ्याकडे आधीचं काहीच नव्हतं. आता मी स्वतः मुलांची कामं बघते तेव्हा हेच विचारते. फायनल आजकाल सगळ्यांचंच गुळगुळीत असतं. कुठे अडलीस आणि तिथून कशी निघालीस ते फक्त रफवर दिसतं. हे माझं मत आहे, पण पक्कं आहे.

आता तुझं. तोंडी विचारायला जाणं आजपासून बंद कर. साधा अर्ज लिही, दोन प्रती. बोर्ड किती, माप, माध्यम, कोणत्या तारखेला दिले, किती परत मिळाले, कोणते नाहीत. सोबत फोटोंची प्रिंट लाव, म्हणजे "कशावरून" हा प्रश्नच उरणार नाही. एक प्रत त्यांना द्यायची, दुसरीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्यायची. पोच दिल्याशिवाय उठायचं नाही, पण आवाजही चढवायचा नाही. त्याआधी तुमच्या विभागप्रमुखांना सांगून कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र मिळतंय का बघ. त्याचा उपयोग आपल्या अर्जाच्या दसपट होतो.

कार्यालय सरकारी असेल तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जाला 10 रुपये आणि उत्तराला 30 दिवस. पण "माझे बोर्ड कुठे आहेत" असं विचारू नकोस, त्याला "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. त्या तारखेच्या आवक नोंदवहीच्या पानाची आणि काम परत दिल्याच्या नोंदींची छायाप्रत माग. माहिती अधिकारात कागद मिळतात, तक्रारीचा निवाडा होत नाही. आणि 30 दिवस म्हणजे तुझ्या ज्युरीनंतर, हेही लक्षात ठेव.

कुणी "विद्यार्थिनीचं काम, त्यात काय एवढं" म्हणालं तर शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं प्रकरण माहीत असू दे. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांचं प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प होतं. ते 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं, तिथे त्याची मोडतोड झाली, भाग गहाळ झाले. ते कोर्टात गेले आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की शिल्प सरकारच्या मालकीचं असलं तरी कलावंताचा त्याच्याशी असलेला हक्क संपत नाही. उरलेलं शिल्प त्यांना परत आणि वर पाच लाख रुपये भरपाई. तू कोर्टात जा असं अजिबात सांगत नाहीये. फक्त आपण भीक मागत नाही आहोत एवढं मनात पक्कं असावं.

ज्युरीसाठी मात्र त्या दोन बोर्डांची वाट बघू नकोस. तू लिहिलंयस की मोबाईलवर तिरके फोटो आहेत. तिरके असू देत, सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून मूळ मापाच्या प्रिंट काढ, शेजारी त्यांची रफ लाव, खाली पोच मिळालेला अर्ज. आमच्या वेळी एका मुलीचं असं चालवून घेतलं होतं. तुमच्याकडे चालेल का ते सरांना आधी विचार.

पुढच्या वेळी मागच्या बाजूला दोन कोपऱ्यांत पेन्सिलने थेट बोर्डावर नाव लिही, चिठ्ठी नको. फोटो सावलीतल्या उजेडात, फ्लॅश बंद, फ्रेममध्ये एक फूटपट्टी. आणि रबर सोल्यूशनने चिकटवत असशील तर सोड, काही वर्षांत पिवळे डाग वर येतात. माझ्या उरलेल्या चारांपैकी एकावर आलेच.

अहवालाचं. एका दिवसात पाच ठिकाणं दाखवणाऱ्या सहली मला पटत नाहीत. तीस जणांचा घोळका, पुढे सर, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि अहवालात भिंतीवरच्या माहितीच्या ओळी उतरवलेल्या. तुझी चूक नाही, आम्हीही तेच केलं. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 मध्ये सुरू झाली, भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये, हे कुणीही लिहील. तू एकच वस्तू निवड, जी थोडीतरी आठवते ती, आणि दोन पानं तिच्यावरच लिही. किती उंचीवर टांगली होती, उजेड कुठून येत होता, किती जवळ गेल्यावर ब्रशचे फटकारे दिसायला लागले. आठवणीतून तिचं वेडंवाकडं स्केच काढ. पुन्हा जमलं तर एकटी जा. सोमवारी आधुनिक कला संग्रहालय बंद असतं आणि बुधवारी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड, आमची एक खेप त्यात फुकट गेली होती. आणि मुंबईच हवी असं कुठे आहे? तुमच्याकडे राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. पुण्याला आलीस तर केळकर संग्रहालयात फक्त अडकित्ते बघ. काम एकच, सुपारी कातरणं, आणि आकार किती! डिझाइनचं अख्खं सत्र त्यात आहे.

माझं स्वतःचं सांगायचं तर, 2019 मध्ये मुंबईच्या आधुनिक कला संग्रहालयात चित्रकार प्रभाकर बरवे यांचं मोठं प्रदर्शन झालं. बरवे एनॅमलमध्ये रंगवायचे. ती चकचकीत, सपाट पृष्ठं बघताना मला ठाकुरद्वारचा तो डबा आणि त्याच्या कडेला निथळणारा ब्रश दिसत होता. पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले त्यांच्या डायऱ्यांपाशी. छोटी रेखाटनं, बाजूला शब्द. ते गेले 1995 मध्ये, आणि इतक्या वर्षांनी मी तिथे उभी राहून त्यांचा विचार कसा सरकत गेला ते वाचत होते, कारण कुणीतरी ती पानं जपून ठेवली होती. मला माझा रद्दीचा गठ्ठा आठवला. त्या दिवशी वरच्या मजल्यांवर मी गेलेच नाही.

तू पोस्टमध्ये बोर्डांबद्दल सगळं लिहिलंस, पण ट्रॉल्यांशेजारी उभं राहून काढलेली रफ कुठे आहेत याबद्दल एक ओळ नाही. सुट्टीत घरी नेली असशील तर आज रात्रीच आईला फोन कर, रद्दी गेली का विचार.