२क्ष + ३य = १२ चा आलेख काढताना क्ष = १ घेतलं तर य अपूर्णांकात येतो. बिंदू नेमका कुठे मांडू?

क्ष = १ घ्यायची सक्ती कुणी केली आहे? क्ष ची किंमत आपण आपल्या सोयीने निवडायची. १ घेतलं तर ३य = १०, म्हणजे य = १०/३; आलेख कागदावर ३.३३ शोधत बसावं लागेल. उत्तर चूक नाही, पण उगाच डोक्याला ताप.

इथे य चा सहगुणक ३ आहे आणि १२ लाही ३ ने भाग जातो, म्हणून क्ष साठी ३ च्या पटीतल्या संख्या घ्या. क्ष = ० असताना य = ४, क्ष = ३ असताना य = २, क्ष = ६ असताना य = ०. झाले बिंदू: (०, ४), (३, २), (६, ०).

रेषेला दोन बिंदू पुरतात, तरी तिसरा काढाच. तिन्ही एका पट्टीत बसले नाहीत तर कुठेतरी गडबड आहे. माझी बहुतेक वेळा चिन्हाची असायची. आणि हो, (०, ४) म्हणजे आरंभबिंदूपासून सरळ वर ४ घरं, उजवीकडे नाही. हे भलेभले उलटं मांडतात. रेषा शेवटच्या बिंदूवर न थांबवता दोन्हीकडे पुढे न्या, टोकांना बाण काढा.