तुमचे प्रश्न : एवढीएवढीशी बेटं, मग आयटी पॉलिसी एकत्र कशाला?

मागच्या अंकात पॅसिफिकमधल्या बेटांच्या इंटरनेटबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला की. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातले चार प्रश्न घेतोय. रागावू नका.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. पॅसिफिक आयलंड्स फोरम, एसपीसी, यूएसपी ही नावं पाठ आहेत पण डोक्यात काही शिरत नाही. प्रत्येक देशाचं सरकार वेगळं, मग आयटीचं धोरण एकत्र बसून ठरवायची गरजच काय? – एक विद्यार्थी, इचलकरंजी

मित्रा, नावं जरा बाजूला ठेव (फोरम म्हणजे या बेटदेशांच्या सरकारांची संघटना, एसपीसी म्हणजे त्यांना तांत्रिक मदत करणारी सामायिक संस्था, यूएसपीचं पुढे सांगतो) आणि आधी टोंगा हा बेटदेश बघ. १५ जानेवारी २०२२ ला तिथे समुद्रातला ज्वालामुखी फुटला, हुंगा टोंगा, आणि टोंगाला फिजीशी जोडणारी समुद्राखालची केबल तुटली. साधारण ८०० किलोमीटरची ती एकुलती एक केबल, लाखभर लोकांचा देश, आणि परदेशात असलेल्या पोरांना आईबाप जिवंत आहेत का तेसुद्धा कळेना. केबल जोडायला पाच आठवडे लागले. आपल्याकडे २००८ च्या जानेवारीत इजिप्तजवळ केबल तुटल्या होत्या, आठवत असेल कुणाला, तेव्हा नेट रडतखडत का होईना चाललं, कारण मुंबईला वर्सोव्यात वगैरे कितीतरी केबल येऊन टेकतात, एक गेली तर दुसरी. टोंगाला दुसरी नव्हतीच. आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही, २०१९ च्या जानेवारीतही तीच केबल तुटलेली, तेव्हाही दोनेक आठवडे बोंब होती.

आता गंमत बघ, दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीच्या राजधानीतून, पोर्ट मोर्सबीहून आलं. असं जहाज पोसणं टोंगाला एकट्याने परवडेल का? शक्यच नाही. वेगवेगळ्या केबलचे मालक मिळून वर्षाची वर्गणी भरतात म्हणून ते त्या भागात उभं असतं, आपल्याकडे चार वाड्यांनी मिळून पाण्याचा टँकर ठरवावा ना, तसंच. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं.

उरलेलं अर्धं माणसांचं. तुवालूची लोकसंख्या ११ हजाराच्या आसपास, म्हणजे आपलं एखादं मोठं गाव. स्पेक्ट्रम (मोबाइलच्या लहरी) कुणाला द्यायचा, सायबर कायदा कसा लिहायचा, मोबाइल कंपनीला दर किती लावू द्यायचा, डेटा कुठे ठेवायचा, या प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ तिथे कुठून आणणार? आणि समोर टेबलाच्या पलीकडे बसलेली कंपनी मात्र वकिलांची फौज घेऊन येते. म्हणून मग फिजीच्या राजधानीत, सुवामध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या आवारात वर्ल्ड बँकेच्या पैशातून एक केंद्र काढलं होतं, टेलिकॉमचे नियम लिहायला सगळ्या बेटांना मदत करणारं. कल्पना एकदम बरोबर. अडचण एवढीच की अशी केंद्रं प्रोजेक्टच्या पैशावर चालतात आणि प्रोजेक्टला शेवटची तारीख असते.

आणि ही युनिव्हर्सिटी म्हणजेच तुझी यूएसपी बरं का, १९६८ ची, १२ देशांची मिळून एक! माझ्या मते सहकार्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण हेच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा इंटरनेट हा शब्दही कुणी ऐकला नव्हता, तेव्हा यांनी नासाच्या एटीएस-१ या जुन्या सॅटेलाइटवरून बेटाबेटांवरच्या विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. नुसता आवाज, तोही खरखरत, पण किरिबातीतला पोरगा सुवातल्या मास्तरांना प्रश्न विचारू शकत होता. तो सॅटेलाइट १९८५ ला गेला आणि पुढे २००० साली यूएसपीनेट नावाचं स्वतःचं नेटवर्क उभं राहिलं.

कागदोपत्री धोरणांचं विचारशील तर २००५ ला पॅसिफिक प्लॅन, त्याबरोबर डिजिटल स्ट्रॅटेजी, २०१० ला टोंगात मंत्र्यांची बैठक आणि नवा आराखडा, २०२३ ला पोर्ट मोर्सबीत लागातोई जाहीरनामा. लागातोई म्हणजे तिथल्या मोटू लोकांची व्यापाराला जायची शिडाची होडी. नाव झकास आहे. पण हे कागद एकापाठोपाठ एक वाचले तर तीच तीच वाक्यं भेटतात, स्वस्त इंटरनेट, कुशल माणसं, सायबर सुरक्षा. परीक्षेला वर्षं लिही, मार्क मिळतील.

प्रश्न : नातू सांगतो की तुवालू देश डॉट टीव्ही हे नाव विकून पैसे कमावतो. माझा विश्वास बसत नाही. आणि खरं असेल तर बाकीच्या बेटांनी मिळून असं दुकान का नाही टाकलं? – एक आजोबा, चिपळूण

आजोबा, नातवाला शाबासकी द्या, खरंय ते. प्रत्येक देशाला इंटरनेटवर वेबसाइटच्या नावाच्या (डोमेन नावाच्या) शेवटी लावायला दोन अक्षरं मिळतात, आपल्याला आयएन, तुवालूच्या नशिबाने टीव्ही. २००० च्या सुमाराला त्यांनी ती अक्षरं भाड्याने दिली आणि त्या पैशाच्या बळावर २००० साली युनोचे सभासद झाले. मायक्रोनेशियाला एफएम मिळालं, म्हणजे रेडिओवाल्यांची चांदी. टोकेलाऊने तर आपलं टीके फुकट वाटायला दिलं, दीड हजार वस्तीचं बेट आणि एके काळी जगातल्या सगळ्यात जास्त नोंदणी असलेल्या देशी नावांमध्ये त्याचा नंबर! पण फुकट म्हटल्यावर भामटेही आलेच, टीके नाव दिसलं की लोक बिचकायला लागले.

तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण तो तिथल्या मंत्र्यांना विचारायला पाहिजे. ट्यूना माशाच्या बाबतीत या लोकांनी अगदी असंच केलंय. १९८२ ला नाउरू करार झाला, त्यात आता आठ देश आहेत, आणि पुढे २००७ पासून ते परदेशी बोटींना मासेमारीचे दिवस विकायला लागले, त्याला किमान भाव मिळून ठरवलेला, त्याखाली कुणी विकायचं नाही. तुम्ही कोकणातले, मोठ्या जाळ्यांच्या पर्सीननेटवाल्यांशी एकेकट्या गावाने भांडणं आणि सगळ्या किनाऱ्याने मिळून भांडणं यातला फरक मी तुम्हाला काय सांगू. डोमेन नावांत मात्र जो तो एकटाच गेला. एक कारण असं की ट्यूना पोहत पोहत सगळ्यांच्या हद्दीतून जातो, म्हणून बोलावंच लागतं, टीव्ही ही अक्षरं एकट्या तुवालूची, मग शेजाऱ्याला वाटा का द्या?

प्रश्न : केबलला पैसे ऑस्ट्रेलिया-जपान-अमेरिका देणार, मग याला बेटांचं सहकार्य म्हणायचं की देणगीदारांचं राजकारण? शिवाय आता सॅटेलाइटवरून थेट इंटरनेट देणारं स्टारलिंक आलंय, केबल हवीच कशाला? – आयटीत नोकरी करणारी वाचक, नाशिक

ताई, दोन्ही म्हणा. सॉलोमन बेटांनी आधी चिनी कंपनीशी बोलणी केली होती, ऑस्ट्रेलियाने मध्ये पडून मोठा खर्च स्वतः उचलला आणि कोरल सी केबल २०१९ अखेर टाकून झाली. मायक्रोनेशिया, किरिबाती आणि नाउरू यांच्या केबलचं तर टेंडरच २०२१ मध्ये रद्द झालं, कारण बोली लावणाऱ्यांत चिनी कंपनी होती आणि अमेरिकेला ते खपत नव्हतं, मग २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया, जपान, अमेरिकेच्या पैशातून काम जपानी कंपनीला गेलं. मधली दोन वर्षं गेली कुणाची? बेटांवरच्या लोकांची.

पण मनातुआ केबल बघा. सामोआ, नीउए, कुक बेटं आणि फ्रेंच पॉलिनेशिया यांनी मिळून टाकली, साधारण ३,६०० किलोमीटर, २०२० मध्ये सुरू. न्यूझीलंडची मदत होतीच, नाही असं नाही, पण नीउएत जेमतेम १,७०० माणसं राहतात हो, एकटी गेली असती तर कुठल्याच कंपनीने त्यांच्या दारात केबल आणली नसती.

स्टारलिंकचं म्हणाल तर टोंगाच्या त्या संकटात त्याचा उपयोग झालाच. मात्र बऱ्याच बेटांवर लायसन्स मिळायच्या आधीच लोकांनी बाहेरून डिश आणून छपरावर ठोकल्या, फिजीत २०२४ ला रीतसर सुरू झालं. आणि इथे प्रत्येक देश एकटाच बोलणी करतोय, एकत्र बसून दर आणि अटी मागितल्या असत्या तर जरा वजन पडलं असतं असं माझं मत. आणि केबल हवीच, सगळा देश आकाशातल्या एकाच मालकाच्या भरवशावर सोडायचा म्हणजे टोंगाचीच गोष्ट परत, फक्त यावेळी वरून.

हां, आणि सायबरचं राहिलं. २०१८ ला या देशांनी पॅकसन नावाचं जाळं केलं, एकावर हल्ला झाला की बाकीच्यांना लगेच कळवायचं. २०२२ च्या नोव्हेंबरात वानुआतू सरकारची सगळी सिस्टीम बसली, कर्मचारी कागद-पेनावर आले, आठवडेच्या आठवडे. असल्या वेळी शेजाऱ्याचा फोन नंबर आधीपासून माहीत असणं हीच मोठी गोष्ट असते, जाहीरनामे नंतर वाचता येतात.

प्रश्न : माझी भाची मॉरिशसला असते, तिथे पण असं काही आहे का? – एक वाचक, पुणे

आहे की. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत हे तुम्हाला माहीतच असेल. तिथे इंडियन ओशन कमिशन आहे, मॉरिशस, सेशेल्स, कोमोरोस, मादागास्कर आणि फ्रान्सचं रेयूनियाँ यांचं, १९८० च्या दशकातलं. त्यांच्या पुढाकाराने मेटिस नावाची केबल २०२१ ला सुरू झाली, मॉरिशस, रेयूनियाँ आणि मादागास्करला दक्षिण आफ्रिकेशी जोडणारी. मॉरिशसला त्याआधीही केबल होत्या, त्यामुळे तुमच्या भाचीचा व्हिडिओ कॉल अडकत असेल तर आधी घरातला राउटर बघायला सांगा.