'आफ्रिकाना' म्हणजे नेमके काय?

दक्षिण आफ्रिकेतील ग्रंथालयांविषयी वाचताना 'आफ्रिकाना संग्रह' असा उल्लेख आढळल्याने, हे एखाद्या समाजाचे किंवा भाषेचे नाव आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे. तसे ते नाही. त्या देशातील मुख्यतः डच वंशाच्या लोकांना आफ्रिकानेर आणि त्यांच्या भाषेला आफ्रिकान्स म्हणतात. 'आफ्रिकाना' हा शब्द मात्र आफ्रिकेशी संबंधित ग्रंथ, नकाशे, हस्तलिखिते, चित्रे आणि वस्तू अशा जमवलेल्या सामग्रीला एकत्रितपणे लावला जातो. लॅटिनमधून आलेला त्याचा अंत्य प्रत्यय हा समूहाचाच अर्थ देतो.

वस्तू आफ्रिकी माणसाच्याच हातची असावी, अशी अट या शब्दात नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच. थॉमस बेन्स या इंग्रज चित्रकाराने 1862 मध्ये पाहून रंगवलेला व्हिक्टोरिया धबधबा, ज्याला तिथले लोक 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे गर्जणारा धूर, म्हणतात, हाही आफ्रिकानाच. उलट, घानाच्या बाजारात आज विकायला ठेवलेले केंटे हे आफ्रिकी वस्त्र आहे, पण तेवढ्याने ते आफ्रिकाना होत नाही. अभ्यासासाठी नोंद करून संग्रहात ठेवले की त्याला आफ्रिकाना म्हणता येईल.

दक्षिण आफ्रिकेतील जुन्या संग्राहकांनी हा शब्द बराच संकुचित अर्थाने वापरला. त्यांच्या लेखी तो प्रामुख्याने केप वसाहतीच्या (आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील युरोपीय वसाहत) काळातील प्रवासवर्णने, नकाशे, चांदीची भांडी आणि फर्निचर यांच्यापुरता होता, आणि त्यात गोऱ्या वसाहतवाल्यांचीच दृष्टी वरचढ राहिली, हे विसरता कामा नये. जोहान्सबर्गचे आफ्रिकाना म्युझियम 1994 मध्ये 'म्युझियम आफ्रिका' झाले. अमेरिकेत मात्र शब्दाची कक्षा रुंदावली: कॉर्नेल विद्यापीठात 1969 मध्ये सुरू झालेल्या आफ्रिकाना अध्ययन केंद्राच्या नावात आफ्रिका खंडाबरोबरच अमेरिका आणि कॅरिबियन बेटांतील आफ्रिकी वंशाचे लोकही अभिप्रेत आहेत.

मराठीत लिहिताना संस्थेच्या किंवा संग्रहाच्या नावात 'आफ्रिकाना' जसाच्या तसा ठेवावा. एरवी 'आफ्रिकाविषयक संग्रह' पुरेसे आहे. 'आफ्रिकी साहित्य' मी टाळेन, कारण वाचकाच्या मनात लगेच कथा-कादंबऱ्या येतात. 'साधने' हा आपल्या इतिहासलेखनात रुळलेला शब्द कागदपत्रांना उत्तम बसतो, पण मुखवटे, ढोल किंवा खुर्च्यांचा संग्रह त्यात मावत नाही; तिथे 'सामग्री' म्हणावे.