गुडघ्याची झीज आणि विरघळणारा स्क्रू

प्रश्न: आईचं वय ६६. दोन्ही गुडघे झिजलेत. मॅग्नेशियमचं इम्प्लांट बसवून सांधाबदल टाळता येईल का?

नाही. मॅग्नेशियमचा स्क्रू हाडाचे दोन तुकडे जुळून येईपर्यंत धरून ठेवतो आणि मग विरघळतो. कृत्रिम सांध्याला वर्षानुवर्षं वजन पेलायचं असतं. तिथे कोबाल्ट-क्रोम, टायटॅनियम आणि पॉलिथिलीन (एक टिकाऊ प्लास्टिक) हेच लागतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मॅग्नेशियमभोवती नवं हाड जोमाने भरलेलं दिसलंय, पण त्याने माणसाच्या गुडघ्याची झिजलेली कुर्चा (हाडांच्या टोकांवरचं मऊ आवरण) परत येत नाही. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. आईंनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करावेत. वजन जास्त असेल तर तेही उतरवावं. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो.

प्रश्न: पायाचा अंगठा वाकडा झालाय. हाड कापून सरळ करताना मॅग्नेशियमचा स्क्रू घालू, असं सर्जन म्हणतात. चालेल?

चालेल, ही त्याची हक्काची जागा. जर्मनीत अशाच २६ रुग्णांमध्ये त्याची टायटॅनियमशी तुलना झाली. २०१३ मध्ये निष्कर्ष आले, सहा महिन्यांनी दोन्ही सारखेच. मोठा फायदा म्हणजे स्क्रू काढायला पुन्हा ऑपरेशन नको. धातू मात्र मऊ आहे. भोक नीट न पाडता जोर लावून पिळला तर स्क्रूचं डोकं तुटतं. त्याच जागी आधीची स्टीलची तार किंवा प्लेट असेल तर सर्जनना आठवणीने सांगा. १९०७ मध्ये बेल्जियमचे सर्जन लँबॉट यांनी मॅग्नेशियमची प्लेट स्टीलच्या खिळ्यांनी बसवली होती. दोन धातू एकमेकांना टेकल्याने ती आठ दिवसांत विरून गेली, आणि कातडीखाली वायू साचला.

प्रश्न: आठ आठवड्यांच्या एक्स-रेत स्क्रूभोवती काळं वलय दिसतंय. पू झालाय का?

बहुधा नाही. मॅग्नेशियम पाण्याशी भिडलं की हायड्रोजन सुटतो. एका ग्रॅमपासून जवळजवळ एक लिटर. छोट्या स्क्रूचं वजन ग्रॅमहून बरंच कमी असतं आणि तो महिनोन्‌महिने हळूहळू झिजतो, त्यामुळे शरीर तो वायू शोषून घेतं. वलय मागाहून हाडाने भरत जातं. ताप, लाली, जखमेतून पाणी किंवा वाढत जाणारं दुखणं यांपैकी काहीही असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.

प्रश्न: इतकं मॅग्नेशियम रक्तात गेलं तर?

मोठ्या माणसाच्या शरीरात ते सुमारे २५ ग्रॅम असतंच, निम्म्याहून जास्त हाडांत. जादाचं लघवीवाटे जातं. म्हणूनच मूत्रपिंडाचा आजार असेल तर ऑपरेशनआधी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सर्जनना दाखवा.