सिंगल प्लेअर गेम बंद पडणार का? आधी पैसा कुठून येतो ते बघू

तुमचा प्रश्न असा आहे: मल्टिप्लेअर गेम फुकट वाटूनही कंपन्या गब्बर होतायत, मग चार-पाच वर्षं खपून एकट्याने खेळायचा, कथा असलेला गेम कोण कशाला बनवेल? हा प्रकार हळूहळू बंदच पडेल का?

माझ्या मते नाही पडणार. वीसेक वर्षं दोन्ही प्रकारचे गेम खेळतोय, आणि ही भीती दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी बोलून दाखवतंच. पण ती अगदीच निराधारही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सिंगल प्लेअरचा हिशेब. ६० डॉलरचा गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, विकला गेला की ३० टक्के, म्हणजे १८ डॉलर, स्टीमचे. विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की त्यापुढच्या विक्रीवर ही कपात २५ टक्के होते आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के. म्हणजे सवलत मिळते ती आधीच दणकून चाललेल्या गेमला. उरलेल्या ४२ डॉलरमधून कर जातो, प्रकाशकाने आगाऊ ओतलेला पैसा वसूल होतो, आणि मग काही राहिलं तर स्टुडिओचं. बहुतेक गेमची मोठी विक्री सुरुवातीच्या काही आठवड्यांतच होऊन जाते, पुढे सेलमधल्या किमतीवर गुजराण. म्हणून तर विस्तार काढतात, म्हणजे त्याच गेमला जोडायचे, वेगळे विकले जाणारे नवे भाग. 'विचर ३' २०१५ मध्ये आला, त्यानंतर साधारण वर्षभरात त्याचे दोन मोठे विस्तार आले, आणि दोन्ही पैसे देऊन घेण्याच्या लायकीचे होते. हा धंदा मला सरळ वाटतो. माल दाखवला, पैसे घेतले, संपलं.

फुकट गेमचं गणित वेगळं आहे. 'फोर्टनाइट'च्या एका सामन्यात १०० जण उतरतात. त्यातले बरेच जण कधीच एक पैसा देत नाहीत, तरी कंपनीला ते हवे असतात, कारण ते नसतील तर पैसे देणारा खेळणार कोणाशी? आणि गेममधल्या आपल्या पात्राला नवा पोशाख घालून मिरवणार कोणासमोर? कमाई येते ती पोशाख, नाच आणि बॅटल पासमधून. बॅटल पास म्हणजे पैसे देऊन घ्यायचा पास: सीझन संपायच्या आत, म्हणजे ठरावीक मुदतीत, जेवढं खेळाल तेवढी बक्षिसं.

अशा गेमचं दुकान एकदा शांतपणे न्याहाळून बघा. किंमत खऱ्या पैशांत नसते, गेमच्या नाण्यांत असते. समजा पोशाख १,२०० नाण्यांचा आहे आणि छोटा पॅक १,००० चा. मग मोठा पॅक घ्यावा लागतो, थोडी नाणी खात्यात उरतात, आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून पुढच्या वेळी पुन्हा भर घातली जाते. शेजारी घड्याळ उलटं धावत असतं, की हा पोशाख आज रात्री जाणार. यातलं काहीही चुकून झालेलं नसतं. एका गेमच्या बॅटल पाससाठी मी एका सीझनचा शेवटचा आठवडा रोज रात्री कंटाळा आलेला असतानाही खेळलो. पैसे आधीच दिले होते, ते फुकट जातील म्हणून. तेव्हा कळलं की असा गेम तुमचा वेळही मागतो, आणि रोज मागतो.

यातली हद्द कुठे ओलांडली जाते तेही बघा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या तडजोडीत 'फोर्टनाइट'वाल्या एपिक गेम्सने २४.५ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. आरोप असा होता की बटणांची मांडणीच गोंधळात टाकणारी असल्याने नुसतं एक बटण दाबलं तरी नको असलेली खरेदी व्हायची.

कथेच्या गेमवर याचा परिणाम होतो, हे कबूल. 'जीटीए ५' हे ढळढळीत उदाहरण. २०१३ मध्ये गेम आला, ऑनलाइन भाग तुफान चालला, आणि कथेचा एकही विस्तार आला नाही. मला त्याची आजही चुटपुट आहे.

पण आता दुसरी बाजू, आणि माझा सगळा भरवसा हिच्यावर आहे. दिवसाचे तास वाढत नाहीत. रोज खेळायचा गेम माणूस एक ठेवतो, फार तर दोन. नव्या मल्टिप्लेअर गेमला तुम्हाला तुमच्या मित्रांपासून, आधी विकत घेतलेल्या पोशाखांपासून ओढून आणावं लागतं. सोनीचा 'कॉनकॉर्ड' २०२४ च्या ऑगस्टमध्ये ४० डॉलरला आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला, सगळ्यांचे पैसे परत करून. त्याच्या वर्षभर आधी आलेला 'बाल्डर्स गेट ३' बघा. आत दुकान नाही, बॅटल पास नाही, मित्रांबरोबर खेळायची सोय आहे पण सक्ती नाही, तरी प्रचंड खपला. तो संपवलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी पुढचा गेम घ्यायला मोकळा असतो. म्हणून असे दहा गेम एकाच वर्षात चालू शकतात. मोठ्या बजेटचे कमी होतील, हे मला दिसतंय. पण 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला आणि तो २०१६ पासून विकला जातोय. खर्च आवाक्यात असेल तर या प्रकाराला मरण नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे: एकट्याने खेळता येणाऱ्या गेमलाही सर्व्हरची दोरी बांधणं, म्हणजे कंपनीचा सर्व्हर चालू असेल तरच गेम चालणार. युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चे सर्व्हर २०२४ च्या मार्चअखेर बंद झाले, आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेला गेम एकट्याने चालवायलाही उरला नाही. म्हणून घेताना एवढं करा. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. पहिल्याच तासात नेट बंद करा, स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाका आणि गेम सुरू होतो का ते बघा. नाही झाला तर सरळ परत करा आणि कारणही तेच लिहा.